वेष्टनातील संयम आणि लघुउत्पादकाची ओळख



देशातील कोणत्याही जिल्ह्यात भरणाऱ्या बचत गटांच्या प्रदर्शनात एक फेरी मारली, तर दोन गोष्टी लक्षात येतात. पहिली ही, की पापड, मसाले, लोणची, मध, हातमागाचे कापड, वनौषधी असे कितीतरी पदार्थ व वस्तू मोठ्या कारखान्यांच्या मालाच्या तोडीस तोड असतात. दुसरी ही, की ज्या पुड्यांतून आणि बरण्यांतून हा माल विकला जातो त्यांच्यावर सर्व काही असते, पण ग्राहकाला हवे ते चटकन सापडत नाही. पापडाच्या एकाच पाकिटावर उगवता सूर्य, नांगर धरलेला शेतकरी, देवतेची प्रतिमा, कधीकाळी मिळालेल्या पारितोषिकाचा उल्लेख आणि चार प्रकारच्या अक्षरांत चार घोषवाक्ये दाटीवाटीने बसलेली असतात. निव्वळ वजन मात्र पाकिटाच्या दुमडीत गेलेले असते आणि उत्पादनाचा महिना शाईच्या डागाखाली झाकलेला असतो.

या अवस्थेमागे अज्ञान आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. जाहिरातीसाठी वेगळा पैसा नसलेल्या उत्पादकाजवळ बोलायला एकच जागा असते, ती म्हणजे पुड्याची दर्शनी बाजू. म्हणून जे सांगायचे ते सगळे तेथेच सांगून टाकण्याचा मोह होतो. परंतु दुकानाच्या फळीवर सारेच पुडे मोठ्याने बोलू लागले, की कोणाचेच बोलणे ऐकू येत नाही. अशा वेळी थोडे, स्पष्ट आणि नेमके सांगणारा पुडा वेगळा दिसतो. वेष्टनातील या मितभाषी वृत्तीचा विचार लघुउत्पादकाच्या दृष्टीने करणे, हा आजच्या व्याख्यानाचा उद्देश आहे.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. मोकळी जागा, एखादा रंग, लहानसे बोधचिन्ह आणि साधी अक्षरे अशी मांडणी आज महागड्या वस्तूंच्या बाजारात लोकप्रिय आहे. त्यामुळे संयमी वेष्टन म्हणजे श्रीमंतांची चैन, असा समज रूढ झाला आहे. वस्तुस्थिती वेगळी आहे. हा संयम सर्वांत अधिक उपयोगी पडतो तो लहान उत्पादकाला. मात्र त्यासाठी एक अट पाळावी लागते. पुड्यावरून जे वगळायचे ते सजावटीतले वगळावे; माहितीतले काहीही वगळू नये.

विश्वासाचे स्थलांतर

वेष्टन ही तशी अलीकडची गरज आहे. पूर्वी किराणा दुकानात माल पोत्यांतून व डब्यांतून सुटा मिळत असे. दुकानदार तो तागडीत तोलून कागदाच्या पुडीत बांधून देई. तूरडाळ कोठून आली, तिखटात भेसळ आहे की नाही, या प्रश्नांची उत्तरे दुकानदाराच्या चेहऱ्यावर आणि त्याच्याशी असलेल्या पिढ्यांच्या व्यवहारावर अवलंबून असत. माल बंद पाकिटात आला तेव्हा हा विश्वास दुकानदाराकडून छापील कागदाकडे सरकला. डाळ हाताने चाळून पाहता येईना, तिखटाचा वास घेता येईना. जे डोळ्यांना व नाकाला कळत होते ते आता अक्षरांनी सांगावे लागले.

म्हणून वेष्टनाची पहिली जबाबदारी साक्षीदाराची आहे. आत काय आहे, किती आहे, कोणी तयार केले, केव्हा तयार केले आणि किंमत किती, हे त्याने खरे सांगावयाचे असते. विक्रेत्याची वकिली ही त्याची दुसरी भूमिका होय. वकिली साक्षीपेक्षा मोठी झाली, की ग्राहकाची फसगत होण्याचा मार्ग मोकळा होतो.

वेष्टनावरील वकिली किती प्रभावी असते, याचा पुरावा तंबाखूविषयक कायद्यांत सापडतो. ऑस्ट्रेलियाने २०११ साली कायदा केला आणि डिसेंबर २०१२ पासून सिगारेटच्या पाकिटांवरील सारी सजावट काढून टाकली. बोधचिन्हे गेली, रंग गेले. सर्व पाकिटे एकाच मळकट तपकिरी रंगाची झाली आणि कंपनीचे नाव ठरावीक आकाराच्या ठरावीक अक्षरांत उरले. भारताने एप्रिल २०१६ पासून तंबाखूच्या पाकिटाच्या मुख्य बाजूंचा ८५ टक्के भाग सचित्र इशाऱ्यासाठी राखून ठेवला. पुड्यावरील आकर्षण काढून घेणे हे सार्वजनिक आरोग्याचे साधन ठरू शकते, याचाच अर्थ ते आकर्षण ग्राहकाच्या निर्णयावर मोठा परिणाम घडवते. एवढे सामर्थ्य ज्या जागेत आहे ती जबाबदारीने वापरली पाहिजे.

जपानमधील एक प्रयोग

संयमी वेष्टनाचे सर्वांत परिचित उदाहरण जपानचे आहे. सेइयू या जपानी किरकोळ विक्री कंपनीने १९८० साली ४० वस्तूंची एक मालिका बाजारात आणली आणि तिला ‘मुजिरुशी र्योहिन’ असे नाव दिले. ‘कोणत्याही छापाविना चांगला माल’ असा त्याचा भावार्थ. पुढे ‘मुजी’ या संक्षिप्त नावाने ती जगभर ओळखली जाऊ लागली. प्रख्यात आरेखनकार इक्को तानाका यांनी तिची दृश्य मांडणी केली होती.

या प्रयोगाचा आधार तीन तत्त्वांवर होता. कच्च्या मालाची निवड नव्याने करावयाची, उत्पादनातील अनावश्यक टप्पे गाळावयाचे आणि वेष्टन सोपे करावयाचे. सुरुवातीच्या वस्तूंत तुटलेल्या शिताके अळिंब्यांचा समावेश होता. अळिंबी अखंड असो वा तुटलेली, शिजवल्यावर चव तीच राहते. मग केवळ आकारासाठी ग्राहकाने अधिक पैसे का मोजावेत, असा त्यामागील विचार होता. कागदाचा लगदा विरंजित करण्याचा टप्पा गाळला तेव्हा कागद फिकट बदामी रंगाचा निघाला. तोच कागद वेष्टनासाठी आणि लेबलांसाठी वापरण्यात आला. आज जो बदामी रंग सुरुचीचे लक्षण मानला जातो, तो मूळचा एका वगळलेल्या प्रक्रियेचा परिणाम होता.

या उदाहरणातून घेण्यासारखा धडा रंगाचा नाही. मुजीच्या साध्या पुड्यावर वस्तूचे नाव आणि ती स्वस्त का आहे याचे कारण लिहिलेले असे. म्हणजे पुडा बोलत होताच. फक्त तो स्वतःविषयी न बोलता वस्तूविषयी बोलत होता. तुटलेली अळिंबी तुटलेली आहे हे झाकण्याऐवजी तेच सांगितले गेले. आपल्याकडील तुकडा काजू आणि तुकडा तांदूळ विकणाऱ्या उत्पादकाला हा विचार नवा वाटणार नाही. फरक इतकाच, की आपण ते नाइलाजाने सांगतो आणि त्या प्रयोगात ते अभिमानाने सांगितले गेले.

हिरव्या ठिपक्याचे यश

संयमाचे उदाहरण शोधण्यासाठी परदेशातच गेले पाहिजे असे नाही. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन आरेखनकार दांपत्याने १९५८ साली भारत सरकारला सादर केलेल्या अहवालात आपल्या घराघरांतील लोट्याचा गौरव केला होता. पाणी भरणे, वाहणे, ओतणे, डोक्यावर वा कमरेवर पेलणे, हातात मावणे या गरजांतून पिढ्यान्‌पिढ्या घडत गेलेला तो आकार त्यांना उत्तम आरेखनाचा नमुना वाटला. या अहवालाच्या पार्श्वभूमीवर १९६१ साली अहमदाबाद येथे राष्ट्रीय अभिकल्प संस्था, म्हणजेच एनआयडी, स्थापन झाली.

वेष्टनावरील संयमाचे सर्वांत यशस्वी भारतीय उदाहरण मात्र त्याहून लहान आहे. ते म्हणजे चौकोनातील हिरवा ठिपका. अन्नपदार्थ शाकाहारी आहे की मांसाहारी, हे चिन्हाने दर्शविण्याची सक्ती २००१ साली करण्यात आली. अनेक भाषा, अनेक लिप्या, मोठ्या प्रमाणावरील निरक्षरता आणि आहाराविषयीच्या तीव्र भावना असलेल्या या देशात एकही अक्षर न वापरता ही माहिती पोहोचवावयाची होती. तामिळनाडूत तयार झालेले पाकीट राजस्थानातील आजीबाईंनी हातात घेतले, तरी त्यावरील लिपी न वाचता त्यांना हवे ते उत्तर मिळते. कोणत्याही घोषवाक्याला हे साधले नसते.

या चिन्हाचा पुढील इतिहासही बोधप्रद आहे. मूळ योजनेत मांसाहारी पदार्थासाठीही ठिपकाच होता, केवळ तपकिरी रंगाचा. ज्यांना हिरवा आणि तपकिरी हे रंग वेगळे ओळखता येत नाहीत, त्यांच्या दृष्टीने दोन्ही चिन्हे सारखीच होती. २०२० च्या लेबलविषयक नियमावलीने तपकिरी ठिपक्याच्या जागी तपकिरी त्रिकोण आणला. चिन्ह जितके लहान आणि साधे, तितकी त्याची परीक्षा कठोर हवी. कारण त्यात एकच खूण चुकली, तर आधाराला दुसरे काही नसते.

अशीच काही मितभाषी चिन्हे कारागिरांच्या पाठीशी उभी आहेत. दार्जिलिंग चहाचे बोधचिन्ह, म्हणजे वर्तुळात चहाची पाने हाती धरलेली स्त्री, त्या प्रदेशाबाहेरील चहावर लावता येत नाही. भौगोलिक निर्देशांकाची भारतातील पहिली नोंदणी २००४-०५ मध्ये याच चहाला मिळाली. रेशमासाठी २००४ साली ‘सिल्क मार्क’ आणि हातमागासाठी २००६ साली ‘हँडलूम मार्क’ सुरू झाला. कृषिमालाच्या प्रतवारीसाठीचे ‘ॲगमार्क’ तर १९३७ च्या कायद्यापासून चालत आलेले आहे. या प्रत्येक चिन्हामागे तपासणीची व्यवस्था आहे. म्हणून अशा चिन्हास पात्र असलेल्या विणकर संस्थेने ‘शंभर टक्के अस्सल’, ‘खात्रीशीर’, ‘परंपरागत’ अशी विशेषणांची माळ छापण्याची आवश्यकता नाही. एक पडताळलेले चिन्ह दहा न पडताळलेल्या विशेषणांपेक्षा अधिक बोलते.

खर्चाचे गणित

लघुउत्पादकाच्या दृष्टीने संयमाचा सर्वांत तातडीचा लाभ आर्थिक आहे. मोठ्या प्रमाणावर वापरल्या जाणाऱ्या लवचीक पाकिटांची छपाई बहुधा ग्रॅव्ह्युअर पद्धतीने होते. या पद्धतीत प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र कोरीव सिलिंडर लागतो. सहा रंगांच्या चित्रासाठी सहा सिलिंडर कोरून घ्यावे लागतात. हा खर्च पाकिटे लाख छापली तरी तोच आणि हजार छापली तरी तोच. मोठ्या कंपनीच्या बाबतीत तो लाखो पाकिटांत विरून जातो. बचत गटाच्या बाबतीत तो प्रत्येक पाकिटाच्या डोक्यावर बसतो. शिवाय छापखाना ठरावीक संख्येपेक्षा कमी पाकिटे छापण्यास तयार नसतो. परिणामी गटाला दोन-तीन वर्षे पुरतील इतकी पाकिटे एकदम घ्यावी लागतात.

येथून दुसरी अडचण सुरू होते. दरम्यान किंमत बदलते, परवान्याचा क्रमांक बदलतो, घटक पदार्थात बदल होतो किंवा सरकारी नियमात दुरुस्ती होते. छापून ठेवलेली पाकिटे निरुपयोगी होतात, किंवा त्यांवर चिकटपट्ट्या लावून काम भागवावे लागते. चिकटपट्टी लावलेले पाकीट ग्राहकाच्या मनात शंका निर्माण करते. अशा रीतीने आकर्षक छपाईसाठी केलेला खर्च शेवटी विश्वासाला तडा देण्यास कारणीभूत ठरतो.

यावर साधा उपाय आहे. बाजारात तयार मिळणारी, मालाला योग्य अशी कोरी पाकिटे घ्यावीत आणि त्यांवर एक किंवा दोन रंगांत छापलेले लेबल लावावे. सर्व उत्पादनांसाठी लेबलाचा आराखडा एकच ठेवावा. पदार्थानुसार फक्त नाव आणि एक रंगीत पट्टी बदलावी. हळदीला पिवळी, मिरचीला लाल, धन्याला हिरवी अशी पट्टी असली, तर वाचता न येणाऱ्या ग्राहकालाही पाकीट ओळखता येते. तारीख, किंमत आणि गट क्रमांक शिक्क्याने वा लहान छपाईयंत्राने स्वच्छ उमटवावेत. अशा मांडणीत लेबले थोड्या संख्येने छापता येतात, बदल सहज करता येतो आणि चार पदार्थ बनवणारा गट फळीवर एका कुटुंबासारखा दिसतो.

वाचलेला पैसा कोठे जावा, याचेही उत्तर स्पष्ट आहे. तो पाकिटाच्या गुणवत्तेवर खर्च व्हावा. पापडाला ओलाव्यापासून, तेलकट पदार्थाला हवेतील प्राणवायूपासून आणि मसाल्याला उजेडापासून संरक्षण लागते. सहा रंगांत छापलेले पण सांधा नीट न बसलेले पाकीट मालाचा नाश करते. सांधा पक्का, पदर योग्य आणि छपाई साधी, हा क्रम लघुउद्योगाला परवडणारा आणि ग्राहकाच्या हिताचाही आहे. १९६६ साली स्थापन झालेली आणि मुंबईत मुख्यालय असलेली भारतीय पॅकेजिंग संस्था वेष्टनाच्या चाचण्या व प्रशिक्षण या क्षेत्रांत काम करते. तिच्या ज्ञानाचा उपयोग तालुका पातळीपर्यंत पोहोचण्याची गरज आहे.

संयमाचे धोके

साधेपणाचे कौतुक करताना त्यातील धोके नजरेआड करता येणार नाहीत.

पहिला धोका ओळख पुसली जाण्याचा. पेप्सिको कंपनीने जानेवारी २००९ मध्ये अमेरिकेत ट्रॉपिकाना या संत्र्याच्या रसाचे वेष्टन बदलले. संत्र्यात खोचलेली नळी हे ग्राहकांच्या ओळखीचे चित्र काढून त्याजागी रसाने भरलेला पेला आणि शांत, मोकळी मांडणी आणली. ग्राहकांना आपला नेहमीचा रस फळीवर सापडेना. दोन महिन्यांच्या आत विक्री सुमारे २० टक्क्यांनी घसरल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले आणि कंपनीने जुने वेष्टन परत आणले. नवे वेष्टन कुरूप नव्हते. ते अनोळखी होते. साधेपणा आणताना ग्राहक ज्या एका खुणेने माल ओळखतो ती खूण प्रथम शोधावी आणि तिला हात लावू नये.

दुसरा धोका दिखाऊ प्रामाणिकपणाचा. आतला माल दिसावा म्हणून पाकिटाला पारदर्शक खिडकी ठेवण्याची पद्धत वाढत आहे. परंतु हळद आणि तिखट यांचा रंग उजेडाने उडतो, आणि तेलकट पदार्थ उजेडात लवकर खवट होतात. म्हणजे ज्या खिडकीतून मालाची शुद्धता दाखवावयाची, तीच खिडकी माल बिघडवते. खाकी कागदाच्या पाकिटांबाबतही असेच घडते. वरून नैसर्गिक दिसणाऱ्या अशा अनेक पाकिटांना आतून प्लास्टिकचा पातळ पदर असतो. कागद आणि प्लास्टिक एकमेकांना चिकटलेले असल्यामुळे त्यांचा पुनर्वापर साध्या प्लास्टिकपेक्षाही अवघड होतो. पर्यावरणाविषयी निराधार दावे रोखण्यासाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. दावा शब्दांत केला नाही, केवळ रंगाने आणि कागदाच्या पोताने सुचवला, तरी ग्राहकाच्या मनावर होणारा परिणाम तोच असतो, हे उत्पादकाने ध्यानात ठेवावे.

अर्थात नैसर्गिकतेच्या नादात जुन्या सवयींकडे परत जाणेही योग्य नाही. खाद्यपदार्थ वर्तमानपत्रात बांधून देणे साधे आणि स्वस्त वाटते. पण छपाईच्या शाईतील द्रव्ये अन्नात उतरतात. म्हणून अन्नपदार्थांच्या वेष्टनाविषयी २०१८ साली झालेल्या नियमांनी त्यास मनाई केली आहे. उलट अनावश्यक वेष्टन कमी करण्याची दिशा सरकारी धोरणातही दिसते. १ जुलै २०२२ पासून ज्या एकदाच वापरावयाच्या प्लास्टिकच्या वस्तूंवर बंदी आली, त्यांत मिठाईच्या खोक्यांवर आणि निमंत्रणपत्रिकांवर गुंडाळल्या जाणाऱ्या प्लास्टिकच्या आवरणाचा समावेश आहे. जे आवरण मालाचे रक्षण करीत नाही आणि माहितीही देत नाही, त्याला वगळण्याचे धाडस उत्पादकाने कायद्याची वाट न पाहता करावयास हवे.

तिसरा आणि सर्वांत गंभीर धोका माहिती दडविण्याचा. मोकळी जागा शोभून दिसावी म्हणून घटक पदार्थांची यादी पाठीमागे, अतिशय बारीक आणि फिकट अक्षरांत ढकलली जाते. राखाडी कागदावर राखाडी अक्षरे सुंदर दिसत असतील, पण मधुमेही वृद्धाला साखरेचे प्रमाण आणि शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या मुलाच्या आईला घटकांची यादी त्यातून वाचता येत नाही. येथे संयमाचे रूपांतर लपवाछपवीत होते.

कायद्याने सांगितलेले किमान

सुदैवाने, काय वगळता येणार नाही हे ठरविण्याचे काम कायद्याने सोपे केले आहे. वैधमापनशास्त्र (आवेष्टित वस्तू) नियम २०११ नुसार किरकोळ विक्रीच्या पुड्यावर उत्पादकाचे वा आवेष्टकाचे नाव व पत्ता, वस्तूचे सर्वपरिचित नाव, निव्वळ प्रमाण, उत्पादनाचा महिना व वर्ष, सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क देणे बंधनकारक आहे. अक्षरांची व अंकांची किमान उंचीही नियमांत ठरवून दिलेली आहे. अन्नपदार्थांच्या बाबतीत घटकांची उतरत्या प्रमाणातील यादी, पोषणविषयक माहिती, ॲलर्जीकारक घटकांचा उल्लेख, वापराची मुदत, परवान्याचा वा नोंदणीचा क्रमांक आणि शाकाहारी-मांसाहारी चिन्ह यांची भर पडते. काही लहान उत्पादकांना यांपैकी काही बाबींत सवलत असू शकते. ती गृहीत न धरता अन्नसुरक्षा अधिकाऱ्याकडून खात्री करून घ्यावी. नैसर्गिक, ताजे, शुद्ध अशा शब्दांच्या वापरावर २०१८ च्या जाहिरात व दावेविषयक नियमांनी अटी घातल्या आहेत.

ही यादी पुष्कळांना ओझे वाटते. प्रत्यक्षात तिच्याकडे आरेखनाचा आराखडा म्हणून पाहावे. प्रथम ही सर्व माहिती स्वच्छ, गडद, वाचनीय अक्षरांत मांडावी. नंतर उरलेल्या जागेत नाव आणि बोधचिन्ह बसवावे. बहुतेक छापखान्यांत क्रम नेमका उलटा असतो. आधी चित्र ठरते आणि माहिती उरलेल्या कोपऱ्यांत कोंबली जाते.

भाषेचा प्रश्नही येथेच येतो. बंधनकारक मजकूर देवनागरी लिपीतील हिंदीत किंवा इंग्रजीत असावा लागतो. त्याखेरीज अन्य भाषेतही तो देता येतो. स्थानिक बाजारात विकला जाणारा माल ग्राहकाच्या भाषेत बोलला पाहिजे. सजावट कमी केली, की ओडिया, बंगाली, कन्नड वा मराठीतील चार ओळींना पुरेल एवढी जागा सहज निघते. मोकळ्या जागेचा याहून चांगला उपयोग कोणता?

साधी ओळख, कायदेशीर संरक्षण

ज्याचे वेष्टन साधे, त्याची नक्कल सोपी, अशी शंका घेतली जाते. ती निराधार नाही. परंतु १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याने चिन्हाच्या व्याख्येत वस्तूचा आकार, तिचे वेष्टन आणि रंगांची संगती यांचाही समावेश केला आहे. दंतमंजनाच्या डब्यावरील लाल व पांढऱ्या रंगांच्या विशिष्ट क्रमावरून दोन कंपन्यांत झालेल्या वादात दिल्ली उच्च न्यायालयाने २००३ साली अशा रंगसंगतीला संरक्षण दिले. ग्राहक नाव वाचण्यापूर्वी रंग ओळखतो, ही बाजारातील साधी वस्तुस्थिती त्यामागे होती. म्हणून लघुउत्पादकाने आपले नाव व चिन्ह यांची नोंदणी करावी आणि एकदा निवडलेली रंगसंगती वर्षानुवर्षे सातत्याने वापरावी. सातत्याशिवाय साधेपणाला ओळख प्राप्त होत नाही. दर दिवाळीला पाकीट बदलणारा गट दर वर्षी शून्यापासून सुरुवात करतो.

सातत्याची ही गोष्ट अर्थातच मालालाही लागू आहे. मार्च १९५९ मध्ये मुंबईतील गिरगावात सात महिलांनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केलेला लिज्जत पापडाचा उद्योग देशभर पोहोचला, त्याचे श्रेय पाकिटावरील चित्रांना देता येणार नाही. हजारो घरांत लाटलेला पापड एकाच चवीचा असावा, या शिस्तीने तो पोहोचला. मालात सातत्य नसेल, तर साधे वेष्टन आणि भडक वेष्टन यांत ग्राहकाच्या लेखी काहीच फरक राहत नाही.

पुढील वाटचाल

या विचाराला संस्थांचे पाठबळ मिळाले पाहिजे. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी केंद्र सरकारने २०२० साली सुरू केलेल्या योजनेत उत्पादक गटांच्या नाममुद्रेसाठी आणि विपणनासाठी साहाय्याची तरतूद करण्यात आली. अशा तरतुदींतून होणारा खर्च केवळ झगमगीत पाकिटांवर होऊ नये. जिल्हा पातळीवर एक सामाईक सेवा केंद्र असावे; तेथे लेबलाचे तयार आराखडे, लहान छपाईयंत्र, पाकिटाचा सांधा व ओलावा तपासण्याची सोय आणि कायदेशीर मजकूर तपासून देणारी एक जाणकार व्यक्ती उपलब्ध असावी. एनआयडीच्या धर्तीवर आंध्र प्रदेश, हरियाणा, मध्य प्रदेश आणि आसाम येथेही राष्ट्रीय संस्था उभ्या राहिल्या आहेत. तेथील विद्यार्थ्यांनी आपल्या अभ्यासक्रमाचा काही काळ अशा केंद्रांत घालविला, तर त्यांना खरा ग्राहक भेटेल आणि गटांना योग्य सल्ला मिळेल.

उत्पादक भगिनींनी आणि बंधूंनी मात्र केंद्राची वाट पाहत थांबण्याचे कारण नाही. आपले सध्याचे पाकीट घरातील एखाद्या वृद्ध व्यक्तीच्या हाती द्यावे आणि चार प्रश्न विचारावेत : आत काय आहे, किती आहे, केव्हा तयार झाले, तक्रार कोणाकडे करावयाची? चारही उत्तरे चष्मा शोधावा न लागता मिळाली, तर वेष्टनाने आपले काम केले. एखादे उत्तर अडले, तर पाकिटावर ते कशाने झाकले आहे ते पाहावे. जे चित्र वा घोषवाक्य त्याच्या आड येते, तेच प्रथम काढून टाकावे. यासाठी आरेखनकाराची फी लागत नाही, आणि पुढील छपाईपासूनच हा बदल करता येतो.

ग्राहक पहिल्या वेळी पाकीट पाहून माल घेतो आणि दुसऱ्या वेळी माल आठवून पाकीट शोधतो. लघुउद्योग टिकतो तो या दुसऱ्या खरेदीवर. ती घडावी यासाठी पाकिटावर आपले नाव, आपला पत्ता आणि खरी माहिती ठळकपणे असावी आणि आत सांगितल्याप्रमाणे माल असावा, इतके पुरेसे आहे.